टोकाचं विमान

फॉर्मेशनमध्ये कसरती करणाऱ्या वैमानिकाला दोन गोष्टी दिसत नाहीत : आभाळ आणि माणसं. हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. खाली हजारो माना वर झालेल्या, आणि तुम्हाला पत्ताच नाही? खरंच नसतो. हवाई दलात असताना मी काही वर्षं किरण विमानांच्या सूर्यकिरण या नऊच्या चमूत डाव्या टोकाला उडलो. किरणमध्ये दोन आसनं शेजारी-शेजारी, आणि आपण डावीकडच्या आसनावर. डाव्या टोकाच्या माणसाने सबंध वेळ उजवीकडेच बघायचं. म्हणजे आधी शेजारचं रिकामं आसन, त्याचे आवळून बांधून टाकलेले पट्टे, मग कॅनोपीची चौकट, आणि त्यापलीकडे जेमतेम पाच मीटरवर शेजाऱ्याचा पंख. त्या पंखाच्या टोकावरचा दिवा आणि त्याच्या धडावरची एक ठरलेली खूण एका रेषेत दिसली की आपण जागेवर. रेषा मोडली की जागा सुटली. लूपच्या माथ्यावर आपण उलटे आहोत हे डोळ्यांना नव्हे, बुडाला कळतं. तिथला भार हलका होतो. ऊन कॅनोपीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकतं. झालं, तेवढंच आपलं आभाळ.

टोकाची जागा तशी वाईटच. लीडरचा हात केसभर हलला तर त्याच्या बाजूचा दोन केस हलतो, त्याच्या पलीकडचा चार. चाबकाच्या मुठीशी काय झालं ते वादीच्या टोकालाच नीट कळतं. सगळा थवा उजवीकडे रोल व्हायला लागला की डाव्या टोकाला भलामोठा फेरा मारून वर चढावं लागतं, थ्रॉटल पुढे जाऊन टेकतो आणि तरी वाटतं, मागे पडतोय. डावीकडे रोल असेल तर उलट. सगळी ताकद मागे ओढायची, तीही शेजाऱ्याच्या पुढे निघून न जाता. विमानातून उतरल्यावर मान उजवीकडेच वळलेली राहायची. आमच्या घरी जेवताना बायको मुद्दाम डाव्या हाताला बसायची. आता हा चमू हॉक विमानांवर उडतो. त्यात आसनं एकामागे एक, म्हणजे नव्या पोरांना ते रिकामं आसन ओलांडून बघावं लागत नाही. सुखी आहेत.

चमूत जमिनीकडे लक्ष ठेवणारा माणूस एकच, लीडर. त्याच्या डोक्यात सगळा वेळ एक नकाशा असतो. प्रेक्षक जिथे उभे राहतात ती क्राउड लाइन. तिला समांतर, तिच्यापासून ठरलेल्या अंतरावर डिस्प्ले लाइन, जिच्या अलीकडे विमानाने यायचं नाही. आणि मधोमध डेटम, म्हणजे कार्यक्रमाचा मध्यबिंदू. लूपचा माथा त्याच्या बरोबर वर यायला हवा. ऐकायला हे कागदावरच्या भूमितीसारखं वाटतं, पण कागदावर वारा नसतो. वारा प्रेक्षकांकडे वाहत असेल तर प्रत्येक लूप थोडंथोडं त्यांच्याकडे ढकललं जातं आणि लीडर दर वळणावर ते चोरून परत घेतो. कसं, तर वळण थोडं आधी सुरू करून, थोडं जास्त कलून. मागच्या आठांना कळतही नाही. समुद्रावर शो असला की आणखी पंचाईत. तिथे झाड नाही, रस्ता नाही. डेटम म्हणून एखादी बोट नांगरून ठेवतात. धुरकट दिवशी समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचं होतं आणि क्षितिज नाहीसं होतं. अशा दिवशी हाय शो सोडून लो शो करायचा. उंच लूप नाहीत, सपाट वळणं फक्त. लोक हळहळतात. हळहळू देत.

डेटमवर आमचाच एक माणूस रेडिओ आणि कॅमेरा घेऊन उभा असायचा. शो संपला की डिब्रीफमध्ये त्याचं चित्रण लावायचं. बाहेर टाळ्या आणि सह्या चाललेल्या असल्या तरी आत त्या चित्रणातली प्रत्येक आकृती थांबवून, मागे नेऊन बघितली जायची. ‘डायमंड मागून पसरलाय.’ ‘धूर अर्धा सेकंद उशिरा.’ पांढरा धूर म्हणजे इंजिनाच्या गरम झोतात सोडलेलं डिझेल. कोणी उशिरा बटण दाबलं ते आभाळात लिहिलेलं राहतं, नाकारायची सोय नाही. मुद्दा असा की सगळा कार्यक्रम त्या एका कॅमेऱ्याच्या जागेसाठी बांधलेला असतो. कोणीतरी तिथे, जमिनीवर, दोन पायांवर उभं आहे हे गृहीत धरून. तो माणूस काढून घेतला तर आमच्या लूपला माथाही उरत नाही आणि मध्यही उरत नाही. आकृती आभाळात नसतेच, त्या जागेवरून बघण्यात असते.

म्हणून ‘एअर शोंना आता लोक येत नाहीत का हो?’ असं कुणी विचारलं की मी थोडा चाचरतो. युरोपात खरोखर ओहोटी लागली आहे, निदान शोंच्या संख्येला. ब्रिटनमध्ये तर एकेक नाव गळत गेलं. मिल्डनहॉलचा शो २००१ नंतर झाला नाही, स्कॉटलंडमधल्या लूकर्सचा २०१३ नंतर आणि वॉडिंग्टनचा २०१४ नंतर नाही. फार्नबरोला व्यापारी प्रदर्शन चालूच आहे, पण सर्वसामान्यांसाठीचे शनिवार-रविवार २०१८ नंतर थांबले. फेअरफर्डचा मोठा शो मात्र अजून गर्दी खेचतो. लोक कंटाळले हे कारण मला अपुरं वाटतं. हवाई दलांकडची विमानं कमी झाली, तळ बंद झाले, सुरक्षेचा आणि विम्याचा खर्च वाढला. मधल्या आकाराच्या शोंना ते झेपेनासं झालं.

आणि अपघात. ही क्राउड लाइन कुणा अधिकाऱ्याने टेबलाशी बसून आखलेली नाही. १९५२ साली फार्नबरोला जॉन डेरीचं डी हॅविलंड ११० हवेतच फुटलं आणि इंजिन गर्दीत येऊन पडलं. २९ प्रेक्षक गेले. १९८८ साली जर्मनीत रामस्टाइनला इटालियन चमूची तीन विमानं एकमेकांवर आदळली. एकटं उडणारं विमान थेट प्रेक्षकांच्या दिशेने येत होतं, ते गर्दीतच कोसळलं. एकूण ७० मृत्यू. २००२ साली युक्रेनमध्ये ल्विव्हला सुखोई-२७ पडलं, ७७ गेले. दर वेळी ती रेघ मागे सरकली आणि प्रेक्षकांकडे तोंड करून कसरत करायला बंदी आली. मग २०१५ साली शोरहॅमला एक जुनं हंटर लूप पुरं करण्याइतकी उंची नसताना खाली आलं आणि शेजारच्या महामार्गावर कोसळलं. ११ माणसं गेली. ती रेघेच्या आतली नव्हती, त्यातली बरीचशी रस्त्यावरून आपापल्या कामाला चाललेली होती. त्यानंतर ब्रिटनमध्ये नियम आणखी कडक झाले, आणि अंतर वाढलं की विमान बारीक दिसतं, बारीक दिसलं की लोक कुरकुरतात. विमानं पुन्हा जवळ आणा म्हणणारे माझे काही जुने सहकारी आहेत. मला ते पटत नाही. बारीक दिसू दे. दुरून चांगली दिसेल अशी आकृती बांधणं हे आमचं काम, प्रेक्षकाने मान पुढे करणं हे त्याचं नव्हे.

आपल्याकडेही हिशोब झालेला आहे. २००६ साली बीदरजवळ सूर्यकिरणचे दोघे गेले. २०१० साली हैदराबादला नौदलाच्या सागर पवनचं विमान इमारतीवर पडलं, त्यातही दोघे. हा गोव्यातला चमू, तो पुढे उडला नाही. २०१९ साली एअरो इंडियाच्या आदल्या दिवशी बंगळुरूला सरावात दोन विमानं आदळली आणि एक वैमानिक गेला. २०२५ च्या नोव्हेंबरात दुबईला तेजस पडलं. यातल्या कुणाबद्दल मी इथे आठवणी लिहीत बसणार नाही. एवढंच की दर वेळी काही आठवड्यांनी कुणीतरी विचारतो, ‘हे कशाला हवं?’ प्रश्न रास्त आहे. खुद्द हवाई दलाने त्याचं उत्तर एकदा रोकडं दिलं आहे : प्राथमिक प्रशिक्षणाची एचपीटी-३२ विमानं जमिनीवर बसवावी लागली तेव्हा शिकाऊ पोरांसाठी किरण हवी होती, म्हणून २०११ साली चमूच बंद केला आणि २०१५ मध्ये हॉकवर नव्याने उभा केला. शिक्षण आधी, तमाशा नंतर. मला हा निर्णय तेव्हा झोंबला होता आणि आजही बरोबर वाटतो.

पण आपल्याकडे ओहोटी कुठे आहे? उलट भरती आहे, आणि तीच काळजीची. २०२२ पासून वायुसेना दिनाची विमानं दिल्लीजवळच्या हिंडन तळातून बाहेर पडली. चंदीगडचा सुखना तलाव, मग प्रयागराजचा संगम, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात चेन्नईचा मरीना. तिथे लाखो लोक आले. विमानं सुखरूप परतली आणि जमिनीवर पाच माणसं दगावली. ऊन, पाणी नाही, परतीच्या स्टेशनांवर तुफान गर्दी. आम्ही विमानातला धोका मिलिमीटरने मोजायचा आणि खाली साधी पाण्याची टाकी नसावी, हे कुठल्याच डिब्रीफमध्ये बसत नाही.

२०२४ च्याच जानेवारीत मरीन ड्राइव्हवर तीन दिवस शो झाला, तेव्हा मी पहिल्यांदा पूर्ण वेळ प्रेक्षक म्हणून उभा राहिलो. गर्दी तुडुंब. माझ्या पुढे एक काका होते, त्यांनी मोबाईल डोळ्यांसमोर धरला तो शेवटपर्यंत खाली केला नाही. विमानं चौकटीबाहेर जायची, काका शोधायचे, तोवर आकृती मोडलेली असायची. मी न राहवून म्हटलं, ‘काका, जरा नुसतं बघा ना.’ म्हणाले, ‘अहो, नातवाला पाठवायचंय.’ यावर काय बोलणार? नातू तो व्हिडिओ बघेल, पण एक गोष्ट त्याला मिळणार नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. विमान एक किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज तीन सेकंदांनी पोहोचतो, आणि तेवढ्यात विमान भलतीकडे गेलेलं असतं. म्हणून नवखा प्रेक्षक नेहमी विमान नुकतं जिथे होतं तिथे बघतो. दहा मिनिटांनी मान आपोआप शहाणी होते, आवाजाच्या पुढे बघू लागते. हे शिकणं अंगानेच होतं, पडद्यावर नाही.

आमचे सर्वांत तयार प्रेक्षक आमच्या बीदर तळाच्या आसपासच्या शेतांत होते. भालकी, औराद, पलीकडे उदगीर. मराठीही बोलणारा मुलूख. त्यांनी तिकीट कधी काढलं नाही, पण सराव रोज बघितला. एकदा मोटारसायकल बंद पडली म्हणून एका बांधाजवळ थांबलो होतो. तुरीत औत धरलेल्या म्हाताऱ्याने मी कोण ते ओळखलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, ‘सायेब, सकाळी उजव्या हाताचं शेवटचं इमान मागं मागं राहत व्हतं की.’ त्याच सकाळी डिब्रीफमध्ये उजव्या टोकाच्या आमच्या गड्याने यावरून अर्धा तास बोलणी खाल्ली होती. तो गडी आज मोठ्या हुद्द्यावर आहे; हा किस्सा त्याला मी अजून ऐकवतो, त्याला अजून आवडत नाही.

निवृत्तीनंतर इंग्लंडात मुलीकडे गेलो तेव्हा बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डनला गेलो होतो. गवताची धावपट्टी, शटलवर्थ संग्रहातली जुनी विमानं. १९०९ चं ब्लेरिओ तिथे आहे, आणि वारा पूर्ण पडला तरच संध्याकाळी बाहेर काढतात. तेही सरळ रेषेत एक छोटी उडी मारून परत. तिथली डिस्प्ले लाइन सरळ नाही, वाकलेली आहे. त्यामुळे विमान वळताना प्रेक्षकांकडे कलतं आणि त्याची पाठ, पंखांवरचं कापड, वैमानिकाचं डोकं, सगळं दिसतं. गर्दी बेताची होती. डबे उघडून लोक गवतावर बसले होते आणि वारा पडायची वाट बघत होते. जेट नाही, धूर नाही, आणि कुणी कुरकुरत नव्हतं. आपल्याकडे मरीनासारखा पंधरा लाखांच्या गर्दीचा विक्रम करायच्या नादापेक्षा असे लहान शो जिल्ह्याजिल्ह्यांत झाले तर मला जास्त आवडेल. धुळे, गोंदिया, बारामतीला धावपट्ट्या आहेत, चार प्रशिक्षण विमानं नीट उडवली तरी पुरे. सूर्यकिरण येईल तेव्हा येईल.

तोवर कुठेही शो बघायला गेलात तर एक करा. नऊ विमानं समोर आली की लीडरकडे बघू नका, सगळे त्याच्याकडेच बघतात. डाव्या टोकाचं विमान धरा. थवा उजवीकडे रोल होत असताना ते आपली जागा राखतं का बघा. राखलं, तर आत एका माणसाचा थ्रॉटल पुढे टेकलेला आहे आणि मान दुखते आहे. टोपी घाला, आणि पाणी घरून न्या.