दोन फिकट जांभळे

शेडकार्डावर दोन फिकट जांभळे शेजारीशेजारी असतात. एक किंचित निळ्याकडे झुकलेला, दुसरा किंचित गुलाबीकडे. दुकानात उभं राहून फरक नीट सांगता येत नाही, आणि शेवटी ‘कुठलाही चालेल’ म्हणून डबा उचलला जातो. मला हे पटत नाही. रंगांतला तो किंचित फरक कार्डावर झोपलेला असतो. खोलीतला उजेड त्याला जागं करतो. जांभळ्याच्या बाबतीत तर हे फारच खरं, कारण हा रंग उजेडाच्या दोन टोकांवर, तांबड्यावर आणि निळ्यावर, उभा असतो. मावळतीच्या उन्हात निळा अंश कमी पडतो, पिवळ्या बल्बखालीही. मग गुलाबीकडचा जांभळा सरळ गुलाबी होऊ लागतो आणि निळ्याकडचा राखाडी. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, किंवा नाशिकच्या आषाढातल्या ढगाळ दुपारी, पारडं निळ्याकडे झुकतं.

नाशिक जिल्ह्यात ही गोष्ट कुणी नव्याने सांगायची गरज नाही. येवल्याच्या धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. निळ्या ताण्यात तांबडा बाणा विणलेली घडी उजेडाकडे धरावी, मग जराशी कलती करावी. तोच जांभळा कधी निळ्याकडे सरकतो, कधी तांबड्याकडे. रंग बदलतो तो शेजारामुळेही. फ्रान्समध्ये गोब्लँच्या विणकामाच्या कारखान्यात शेव्हरल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. त्याने शोध घेतला, तर दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता. 1839 साली त्याने यावर ग्रंथच लिहिला. भिंतीलाही शेजार असतोच. सागवानी चौकटीच्या पिवळसर तपकिरीजवळ फिकट जांभळा अधिक जांभळा दिसतो. त्यातून चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतात, म्हणून कार्डावरचा नाजूक रंग खोलीत अपेक्षेपेक्षा गडद उतरतो.

यावर कुणी म्हणेल, एकदा रंग लागला की दुसरा समोर नसतो. तुलना कशाशी करणार? शिवाय डोळा सरावतोच. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. डोळा उजेडाला सरावतो, शेजाराला नाही. फरशी, चौकट, पडदा यांच्याशी तुलना रोज चालूच राहते, आणि भिंत बेसूर वाटते ती तिथेच. ‘आपल्याकडच्या उन्हाळ्यात निळसर रंग गार वाटतो’ असंही म्हणतात. वाटत असेल, पण चैत्र-वैशाखात दुपारी पडदे ओढलेलेच असतात, आणि खोलीत खरं राहणं होतं ते दिवे लागल्यावर.

म्हणून दोन मोठे पुठ्ठे घ्यावेत, दोन्हींवर प्रायमर आणि रंगाचे दोन हात मारावेत. चौकटीलगत, फरशीच्या वर, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर ते धरून पाहावेत. दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून. उत्तरेच्या खिडकीची आणि पांढऱ्या दिव्याची खोली असेल तर माझा कौल गुलाबीकडच्याला. तिथे निळसर जांभळा पावसाळाभर उदास दिसतो. पश्चिमेच्या खोलीत निळ्याकडचा घ्यावा. मावळतीच्या उन्हात तो जरा राखाडी होईल, ते शोभतं. रात्री मात्र पांढऱ्या ट्यूबखाली तो थंडगार पडतो. तिथे पिवळसर दिवा लावावा, भिंत पुन्हा रंगवण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं.