तिसरी चढाई

अनुप कुमार गेल्यावर यू मुंबाचं कसं होणार, असं २०१८ साली डोंबिवलीच्या घरी टीव्हीसमोर बसून मी म्हणत होतो. अनुप शांत डोक्याचा, बोनस उचलून परतणारा. नवा सिद्धार्थ देसाई कोल्हापूरकडचा, अंगावर चार जण घेऊन मधली रेषा गाठणारा. चढाईपटू बदलला तसा डावच बदलला. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण हवाच, नाहीतर गडी बाद. तिथे ताकद कामी येते.

मग आठवलं, शाळेच्या संघातल्या एका दणकट मुलाला मी 'बोनस घे आणि परत ये' एवढंच शिकवत राहिलो. कंटाळून त्याने खेळच सोडला. गडी पाहून डाव आखायचा असतो. चुकलंच माझं!