तीनशे रुपयांचं नकली गिऱ्हाईक



कापसाची दुसरी वेचणी आटोपली. तूर शेंगा भरते आहे, त्यामुळं रात्री डुकरांची राखण सुरू आहे. मचाणावर बसल्या बसल्या हे लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

२०२४ च्या जून ते ऑक्टोबर मी एक वेगळं काम केलं. घरच्यांना आणि दोन मित्रांना सोडून कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कामच तसं होतं. गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, माल मागायचा, दुकानदार काय बोलतो, काय भाव सांगतो, कोणता माल आधी पुढं करतो ते लक्षात ठेवायचं, बाहेर येऊन मोबाईलवर फॉर्म भरायचा. शहरात याला मिस्ट्री शॉपर म्हणतात. आपण सरळ नकली गिऱ्हाईक म्हणू. बियाण्याच्या, औषधाच्या, ट्रॅक्टरच्या कंपन्या हे काम एखाद्या एजन्सीला देतात आणि एजन्सी आपल्यासारख्यांना शोधते. माझा एक नातेवाईक नागपुरात अशाच एजन्सीत आहे, त्याच्यामुळं मिळालं. एका भेटीचे ३०० रुपये, घेतलेल्या मालाचे पैसे वेगळे.

मी काहून गेलो? २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि बाजारात चार हजाराच्या आजूबाजूला. यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

आधीच एक सांगून ठेवतो, नाहीतर हे वाचून कोणीतरी फसायचा. काम द्यायच्या आधी पैसे मागणारा चोर समजा. माझ्या चुलतभावाच्या पोराला 'हॉटेलला रेटिंग द्या, रोज दोन हजार कमवा' असा मेसेज आला. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर खात्यात आले. मग 'मोठ्या टास्कसाठी' आधी दोन हजार, मग चार हजार भरायला लावले, आणि गेले ते गेले. असं झालं तर लाज न धरता लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात. खऱ्या एजन्सीनं माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. फक्त एका करारावर सही घेतली की पाहिलेलं बाहेर सांगायचं नाही. म्हणून खाली एकाही दुकानाचं, कंपनीचं, गावाचं नाव येणार नाही.

पहिली फेरी जूनमधली, कपाशीच्या बियाण्याची. कपाशी बियाण्याचा कमाल भाव केंद्र सरकार दरवर्षी ठरवते, २०१५ च्या कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेशाखाली. २०२४ ला बीजी-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ८६४ रुपये होते. माझं काम एवढंच की एक विशिष्ट वाण मागायचं आणि भाव विचारायचा.

पहिल्याच दुकानात काउंटरवाला म्हणाला, "थे वाण नाही भाऊ. हे घ्या, त्याच्याहून चांगलं हाय."

"नाही, मले थेच पाह्यजे."

"नगदी का उधारी?"

"नगदी."

"मंग बाराशे लागन. बिल ८६४ चंच भेटन."

माल मागच्या खोलीतून आला. पाच दुकानं केली, तीन ठिकाणी हीच गत. एकानं मात्र ८६४ घेतले, पक्कं बिल दिलं, लॉट नंबर लिहिला, आणि वरून सांगितलं की पेरल्यावर रिकामं पाकीट, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा, उगवलं नाही तर तक्रारीला कामी येते. दुकान लहानसं, पंखा बंद पडलेला. फॉर्ममध्ये 'दुकान स्वच्छ व आकर्षक आहे का' या रकान्यात त्याचे गुण कटले. बाराशेवाल्याकडं एसी होता.

या कामात सगळ्यात कठीण काय असेल तर गाव लपवणं. पुण्या-मुंबईच्या दुकानात तुम्ही कोण हे कोणी विचारत नाही. आपल्याकडं पाणी देतानाच "गाव कोणतं पाव्हणं?" आणि गाव सांगितलं की "तिथल्या अमक्याचे कोण तुम्ही?" तिसऱ्या वाक्यात सोयरीक निघते. आणि खत घ्यायचं असेल तर ई-पॉस मशीनवर आधार नंबर आणि अंगठा, म्हणजे नाव छापूनच येते. डीएपीच्या एका भेटीत मी खोटं गाव सांगितलं आणि मशीनवर अंगठा ठेवला. पोरगं नाव वाचून म्हणते, "तुमच्या आडनावाचं घर तं त्या गावात नाहीच ना काका." मी म्हणालो सासुरवाडीला आलो. डीएपी १३५० ला मिळाली, पण सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची ४०० रुपयांची थैली घेतल्यावरच. लिंकिंग म्हणतात ते हेच, सगळ्यांना माहीत आहे. 'सोबत दुसरे उत्पादन सुचवले का?' या प्रश्नाला फॉर्ममध्ये 'होय' लिहिलं तर दुकानदाराला चांगले गुण होते! सुचवणं आणि गळ्यात मारणं यातला फरक त्या फॉर्मला कळत नव्हता.

दुसरी फेरी ऑगस्ट-सप्टेंबरची, औषधाची. दुकानात जाऊन म्हणायचं, बोंडअळी दिसते, काय मारू? कंपनीला फक्त एवढं पाहिजे होतं की तिची बाटली पहिल्या नंबरवर सांगितली का. मी माझ्याकडून एक प्रश्न जोडायचो, कामगंध सापळे आहेत का? गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच सापळे लावायचे, सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली तरच फवारायचं, हे आपण या पानावर दरवर्षी लिहितो. सात दुकानांत मिळून एका ठिकाणी सापळे होते. तेही मागच्या वर्षीचे, ल्यूर नसलेले.

एका दुकानात एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता. मालक जेवायला गेलेला. पोरगा वागायला एकदम चांगला, बसा म्हणाला, पाणी दिलं. अळीचं नाव काढलं तसं त्यानं तीन बाटल्या काढल्या. दोनवर पिवळा त्रिकोण, तिसरं टॉनिक. "तीनही एकाच पंपात टाका काका, एका फवाऱ्यात काम होते." मी विचारलं, हातमोजे, मास्क आहे का? तो हसला. "थे कोन घालते?"

मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातला माणूस आहे. २०१७ चा खरीप मला काल झाल्यासारखा आठवतो. त्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, वारा पडलेला, औषधात औषध मिसळलेलं. माझ्या धुऱ्याला लागून ज्याचं वावर आहे त्याला आम्ही बैलबंडीनं सडकेपर्यंत आणि तिथून ऑटोनं यवतमाळच्या मेडिकलमध्ये नेलं होतं. सहा दिवस त्याला समोरचा माणूस धड दिसत नव्हता. वाचला. अजूनही औषधाचा वास आला की बांधावरून उठून जातो.

फॉर्ममध्ये ४१ प्रश्न होते. दुकानदार हसला का, कंपनीचं बॅनर दिसते का, नमस्कार केला का. त्रिकोण, मिश्रण, हातमोजे याबद्दल एकही नाही. शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना होता, २०० अक्षरांचा. त्यात मी लिहिलं. पण फॉर्मला काउंटरवरच्या माणसाचं नाव पाहिजे होतं, आणि ते मी लिहिलं नाही. पोराचं नाव मला माहीत होतं, मालकाचा फोन आला तेव्हा त्यानं घेतलं होतं. पण त्याला कोणी शिकवलंय? दुकानाचा परवाना एकाच्या नावावर, काउंटरवर दुसराच. परवानेवाल्यानं देसी डिप्लोमा केला असेलही, विकणारा बारावी नापास पोरगा. महिन्याचे सहा-सात हजार मिळत असतील. माझ्या २०० अक्षरांनी त्याचं काम जाईल आणि त्याच्या जागी तसाच दुसरा येईल, हे मला तिथंच दिसत होतं.

तो फॉर्म नापास झाला. कारण दिलं, 'कर्मचाऱ्याचे नाव नाही'. तीनशे गेले. मी फोन करून विचारलं की शेरा कोणी वाचला का? समोरची मुलगी म्हणाली, "सर, तो आपल्या स्कोपमध्ये येत नाही." शेवटी मी बाटल्यांची नावं आणि सल्ला एका कागदावर लिहून आमच्या कृषी सहायकाला दिला, दुकानाचं नाव न घालता. म्हणालो, त्या भागातल्या सगळ्याच काउंटरवाल्यांना बोलावून एकदा सांगा. गणपतीनंतर अशी एक बैठक झाली म्हणतात. पोरगा आला होता की नाही, माहीत नाही.

कृषी विभागाचं भरारी पथकही डमी गिऱ्हाईक पाठवते, चोर बीटी पकडायला किंवा जास्त भाव पकडायला. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या दलित महिला विकास मंडळानं तर गरोदर बायांना सोबत घेऊन लिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांना असंच पकडून दिलं. तिथं नकली गिऱ्हाईक उद्या कोर्टात साक्षीला उभं राहते. माझा कागद कंपनीच्या कॉम्प्युटरात जाऊन बसत होता. हा फरक मला जूनमध्ये कळला नव्हता. मला वाटायचं बाराशेवाल्यांवर काहीतरी होईल.

ट्रॅक्टरच्या दोन भेटी दसऱ्याच्या तोंडावर केल्या, त्याचे ६०० प्रमाणे मिळाले. तिथं कोल्ड्रिंक आलं, सीट पुसून बसवलं. मग विचारलं जमीन किती? चार एकर म्हणालो. त्यानंतर कोल्ड्रिंक तेवढं उरलं.

आता खरी गोष्ट. जूनच्या यादीत पाचवं दुकान आमच्या नेहमीचं निघालं. बाबांच्या काळापासून तिथं आमचं खातं आहे. मृग लागला की माल उचलायचा आणि कापूस विकला की फेडायचं. ओळखीच्या दुकानात जायचं नाही असा करारातच नियम होता, म्हणून मी फोन करून ते नाव काढून घेतलं. सुटलो असं वाटलं.

आठ दिवसांनी त्याच दुकानात माझं स्वतःचं बियाणं घ्यायला गेलो. तेच वाण. शेटनं वहीत अकराशे मांडले आणि हातात बिल ८६४ चं दिलं. दोन पाकिटं. मी काही बोललो नाही. ज्या गोष्टीसाठी चार दिवस आधी दुसऱ्याच्या दुकानात तीनशे रुपये घेऊन डोळे उघडे ठेवत होतो, तीच माझ्यासोबत झाली आणि मी वही पाहून मान हलवली. खात्यावर मागचे अठरा हजार बाकी होते. नगदीवाला पलटून विचारू शकतो, उधारीवाला कोणत्या तोंडानं विचारील? सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये सांगितलं आहे की बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे आणि ग्राहक आयोगात (तेव्हाच्या ग्राहक मंचात) जाऊ शकतो. मी हे दहा जणांना सांगितलं असेल. पण आयोगात बिल दाखवावं लागते, आणि बिल ८६४ चं आहे. एजन्सीचं नकली गिऱ्हाईक नेहमी नगदी असते, म्हणून त्याला हे दुकान कधी दिसतच नाही.

सप्टेंबरात शेट एकदा आपण होऊन बोलला. कोणीतरी कंपनीचा माणूस गिऱ्हाईक बनून आला होता, त्याच्या रिपोर्टवरून डिस्ट्रिब्युटरनं त्याचं त्या वाणाचं वाटप बंद केलं. माझ्या जागी दुसऱ्या कोणाला पाठवलं असणार. माझा चहा तिथंच थंड झाला.

"भाऊ," शेट म्हणाला, "चालणाऱ्या वाणाच्या दहा पेट्या पाह्यजे असन तं न चालणाऱ्या चाळीस उचला म्हणते वरचा. थे चाळीस म्या कोनाच्या डोक्यावर मारू? थो माणूस मायाकडं येऊन गेला, वरच्याकडं कोन जाते?"

त्यानं शेतकऱ्याकडून जास्त घेतलेच, यात काही वाद नाही. पण त्याचं बोलणं खोटंही नव्हतं. मी गिऱ्हाईक बनून डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात जाऊ शकत नाही, तिथं माझ्यासारख्या कपड्यांचं गिऱ्हाईक जातच नाही. मी त्याला माझ्या कामाबद्दल तेव्हाही सांगितलं नाही. परवा कापूस विकून खातं फेडायला गेलो तेव्हा सांगितलं. तो बराच वेळ वहीच पाहत राहिला. मग म्हणाला, "तुमी आले असते तं काय लिहिलं असतं?" मी म्हणालो अकराशे लिहिलं असतं. त्यानं दोन पाकिटांचे ४७२ रुपये वजा करून हिशेब केला. रागानं केला का समजून, मला सांगता येणार नाही. पुढच्या मृगाला उधारी देतो का नाही तेव्हा कळेल.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी हिशेब. कृषी केंद्राच्या १४ भेटी, त्यातल्या दोन नापास (दुसरी फोटो हलला म्हणून). १२ चे ३६०० आणि ट्रॅक्टरचे १२००, एकूण ४८००. गाडी ७८० किलोमीटर चालली, पेट्रोल १६४० चं. उरले ३१६०. दिवस लागले नऊ, म्हणजे दिवसाला साडेतीनशे रुपये, निंदणाच्या रोजीपेक्षा थोडे वर. पैसे दिवाळीत मिळतील म्हणाले, मिळाले मागच्या आठवड्यात.

एजन्सीचा परत फोन आला होता, मार्चमध्ये ठिबकच्या दुकानांचं काम निघते म्हणाले. मी म्हणालो फॉर्ममध्ये बिल खरं दिलं का आणि हातमोजे दाखवले का, हे दोन प्रश्न टाका. मग सांगतो. विचारून कळवतो म्हणाले.

खालच्या वावरात डबा वाजतोय, डुकरं आली वाटते. उद्या बोलू.