गाडीची पट्टी आणि दारातले पाणी



दर अंकात मी निकाल, शिस्त आणि स्नेहसंमेलन यांबद्दल लिहितो. या वेळी माझ्या जुन्या मोटारीबद्दल लिहावेसे वाटले. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे गॅरेजमधले शब्द मला हिंदीतच सुचतात. ते तसेच ठेवले आहेत, सांभाळून घ्यावे.

शाळेच्या फाटकाजवळ उभी असलेली पांढरी मारुती 800 आपण सर्वांनी पाहिली आहे. माझ्या वडिलांनी ती 2003 च्या मेळ्यात घेतली. आपला ग्वाल्हेरचा मेळा 1905 साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केला, तेव्हा तो गुराढोरांचा बाजार होता. पुढे त्याच मैदानावर आपल्यापैकी कितीतरी घरांची पहिली गाडी आली. वडील आता नाहीत. आई 81 वर्षांची आहे आणि दर गुरुवारी याच गाडीतून दत्ताच्या दर्शनाला जाते. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, "बाबा, आता देऊन टाका कबाड्याला." 2014 च्या जानेवारीत या मॉडेलचे उत्पादनच थांबले, तेव्हा त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीत उतरावी लागते. पुढची पाळी 2028 ची.

गाडीचे इंजिन उत्तम आहे. बिघडले होते ते बाहेरचे. काळे बंपर राखाडी पडले, दारांवरच्या पट्ट्या एका टोकाने सुटल्या आणि काचेच्या खालची रबराची बीडिंग वाळून तडकली. आपल्या गावात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि जानेवारीत धुक्याने सगळे ओले होते. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिकचा वरचा थर मरतो आणि खडूसारखी भुकटी वर येते. किल्ल्यावर मानमंदिराच्या निळ्या फरशा पाचशे वर्षांनंतरही निळ्या दिसतात, कारण तो रंग काचेसारख्या झिलईत भाजलेला आहे. प्लास्टिकला ते भाग्य नाही.

मला हे काम केवळ शोभेचे वाटत होते. शिंदे की छावणीतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी दाराच्या खालच्या कडेवर बोट फिरवून दाखवले. बोटाला तांबूस गंज लागला. ते म्हणाले, "सरजी, गाड़ी ऊपर से नहीं, नीचे से सड़ती है।" काचेची बीडिंग तडकली की पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरते. थोडे पाणी तिथे येणारच, म्हणून दाराच्या तळाशी निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात. ती धुळीने बुजली की पाणी साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. तिथून गंज दाराखालच्या उंबऱ्याला लागला, तर गाडी संपली. या गाडीला वेगळी चौकट नसते, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच असतो. म्हणजे प्रश्न पट्टीचा नव्हता, गाडी राहणार की जाणार याचा होता.

उन्हाळ्याच्या सुटीत चार रविवार हे काम मी त्यांच्याकडून शिकत केले. जमल्यास मुलांनी क्रम लक्षात ठेवावा. प्रथम तारेने छिद्रे मोकळी केली आणि पाणी ओतून निचरा पाहिला. सैल पट्ट्या हेअर ड्रायरने गरम करून अलगद काढल्या. त्यांच्यामागे वीस वर्षांची ओली माती निघाली. गंज घासून पत्रा चमकेपर्यंत साफ केला, मग रेड ऑक्साइड आणि त्यावर रंग. बीडिंग नवी आणली. जी रबरे ठीक होती त्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावले. रबराला पेट्रोल कधी लावू नये, ते फुगून खराब होते. बंपरला अनेक जण रॉकेल किंवा बुटाचे पॉलिश लावतात. दोन दिवस चमक येते, मग धूळ चिकटते आणि पहिल्या पावसात सगळे वाहून जाते. आम्ही बारीक पॉलिश पेपरने घासले, धुऊन कोरडे केले, प्लास्टिकचा प्रायमर दिला आणि मंद काळ्या रंगाचे तीन पातळ हात मारले. पट्ट्या शेवटी नव्या टेपने बसवल्या.

सर्व सामानाचा खर्च एका टायरपेक्षा कमी आला. पावसाळ्यात दाराच्या तळाशी पाणी साचले नाही. एका दाराचा कोपरा मात्र आतून इतका गेला होता की तिथे पत्रा कापून वेल्डिंग करावे लागले. तो जोड दिसतो.

सगळ्याच जुन्या गाड्या वाचवता येतात असे नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. नियम पाळावेच लागतात, आणि धूर ओकणारी गाडी प्रेमापोटी चालवणे योग्य नाही. पण वेळेवर दहा रुपयांचे रबर न बदलल्यामुळे जी वस्तू जाते, तिच्याबद्दल "जुनी झाली होती" असे म्हणणे मला पटत नाही.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. यंदा दिवाळीपूर्वी शाळेच्या दर्शनी भिंतीला रंग देण्याचा विचार आहे. त्याआधी गच्चीवरचे पाण्याचे पाइप साफ करून घ्यावेत आणि वर्ग सातवीच्या वरची तडक बुजवावी. पैसे कमी पडल्यास रंग पुढच्या वर्षी देऊ. पालकांनी सुटीत मुलांना एखाद्या मिस्त्रीजवळ चार दिवस बसू द्यावे. नववी-दहावीच्या ज्या मुलामुलींना पत्रा घासायला शिकायचे आहे, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर मला भेटावे. मागच्या डाव्या दाराचे काम अजून बाकी आहे. जुने कपडे घालून यावे.

आपला,
प्राचार्य