उंबरठ्याबाहेरचीं पावलें

पक्षाघातांतून माणूस वांचला, कीं घरांतील मंडळी देवापुढें साखर ठेवितात. तो काठी टेकीत ओसरीपर्यंत येऊं लागला, कीं समाचारास येणारांस ‘आतां बरे आहेत, चालतात’ असें सांगतात. ‘चालतात’ या शब्दांत किती येतें आणि किती वगळलें जातें, याचा विचार मात्र क्वचितच होतो. आमच्या घरीं तो करण्याचा प्रसंग आला, म्हणून वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचे ज्येष्ठ चुलते नाना यांस दोन वर्षांपूर्वीं उजव्या अंगास झटका आला. पायांत पुष्कळशी शक्ति परत आली. उजवा हात दुबळाच राहिला आणि शब्द अडखळूं लागले. व्यायामोपचार करणाऱ्या बाई घड्याळ लावून परीक्षा घेत: खुर्चीवरून उठावयाचें, ३ मीटर चालून वळावयाचें, परत येऊन बसावयाचें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेली ही साधी चांचणी आज जगभर वापरतात. दुसरी मोजणी १९६५ सालची, महोनी व बार्थेल यांची: जेवण, स्नान, कपडे, शौच, चालणें, जिना अशा १० बाबींस मिळून १०० गुण. नानांस ९५ मिळाले. ५ गेले ते जिन्यावर हात धरावा लागतो म्हणून. घरांत पेढे वांटले गेले.

पण त्या १० बाबींत वाचनालय कोठेंच नव्हतें. नाना वर्षानुवर्षें रोज सायंकाळीं नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयांत जात. १८४० सालीं स्थापन झालेली ही संस्था त्यांचें दुसरें घरच होती. मे महिन्यांत गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमाला ते कधीं चुकवीत नसत. तेच नाना ९५ गुण मिळवूनहि आठ महिने वाड्याबाहेर पडले नव्हते!

अमेरिकेंतील जॅकलिन पेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं चालण्याच्या वेगावरून एक ढोबळ मर्यादा सांगितली. सेकंदास ४० सेंटिमीटरांहून कमी वेगानें चालणारा बहुधा घरापुरताच फिरतो. ८० च्या वर गेलेला समाजांत मोकळेपणानें वावरतो. मधला थोडेंफार बाहेर जाऊं शकतो. नाना १० मीटर २० सेकंदांत चालत, म्हणजे मधल्या वर्गांत येत. मग अडलें कोठें? कांहीं अंशीं वाड्याच्या सात पायऱ्यांवर आणि पंचवटीच्या गल्लींत अंगावर येणाऱ्या वाहनांपाशीं. त्याहून अधिक, चारचौघांत शब्द अडेल या संकोचापाशीं. त्यांत घरची माया. एकजण वर्तमानपत्र वाचून दाखवी, दुसरा बँकेंत जाई; भाजीचा हिशेबहि काकूंकडे गेला.

एका रविवारीं जेवणानंतर हा विषय निघाला. ‘पडले तर काय करायचं?’ असें वहिनींनीं विचारलें. ती भीति खोटी नव्हती. या आजारानंतर पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. सारे बोलत असतां नाना मोठ्या कष्टानें म्हणाले, ‘मला... विचारा.’

क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग काकूंनीं विचारलें, ‘कुठं जायचंय?’

‘वाच... नालय.’

त्या आठवड्यांत पायऱ्यांस कठडा बसला. आमचे धाकटे बंधु त्यांस रिक्षानें घेऊन जातात. तेथील स्नेह्यांस एवढेंच सांगितलें, कीं नानांचें वाक्य आपण पुरें करूं नये, थांबावें. पहिल्या दिवशीं नाना पंधरा मिनिटांत थकून परतले. आतां आठवड्यांतून दोनदां जातात. गोदाघाट मात्र अजून साधलेला नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ सालीं स्वीकारलेल्या वर्गीकरणांत शरीराचें कार्य, माणसाची कृति आणि समाजांतील सहभाग यांचा निरनिराळा विचार केला आहे. पहिल्या दोहोंची परीक्षा दवाखान्यांत होईल. तिसऱ्याची नोंद घरानेंहि ठेवावयास हवी. महिन्याकांठीं चार प्रश्न पुरेत. आजारी माणूस कितीदां बाहेर गेला? स्वतःच्या इच्छेनें गेला काय? कोणास भेटला? घरांतील कोणतें काम अद्याप त्याच्याकडे आहे? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ‘कांहीं नाहीं’ असें येत असेल, तर एखादें लहानसें काम तरी त्याच्या हातीं परत द्यावें. आमच्याकडे भाजीचा हिशेब पुन्हां नानांकडे गेला आहे. डाव्या हातानें लिहिलेले आंकडे वांकडे येतात, पण बेरीज बरोबर असते.