बाबांचा पाय आणि माझी नोकरी

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांनी भाताच्या रोपासाठी राब भाजला आहे, त्यांना ऐनाच्या झाडावर चढणे म्हणजे काय ते सांगायला नको. कमरेला कोयता, पाय बेचक्यात आणि खाली बायका टहाळाचे भारे बांधायला उभ्या. १९८२ सालच्या माघात माझे बाबा असेच चढले होते. फांदी मोडली आणि ते खाली आले. मी तेव्हा सातवीत होते.

आमचे गाव शहापूर-मुरबाड रस्त्याला, किन्हवलीच्या बाजूला. हाड मोडले की हाडवैद्याकडे जायचे हीच रीत. त्याने नडगी ओढून बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावला. त्याला मी नावे ठेवणार नाही. मनगट, बोटे तो चांगली बसवी. पण आत काय झाले आहे ते त्याला दिसत नव्हते, आणि दिसत नाही हे त्यालाही कळत नव्हते. तीन आठवड्यांनी सूज उतरली तेव्हा पाय वाकडा दिसू लागला. मग बैलगाडी, एस.टी., आसनगावहून लोकल असे करत बाबांना ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात नेले.

तिथे मी पहिल्यांदा एक्स-रे पाहिला. पांढऱ्या उजेडाच्या पेटीवर काळी फिल्म लावलेली, आणि तिच्यात माझ्या बाबांचे हाड! दोन तुकडे एकमेकांवर चढून तसेच जुळू लागले होते. फोटो काढणाऱ्या गृहस्थांनी मला पुढे बोलावून बोटाने दाखवले, “हे इथं जुळायला हवं होतं, पोरी.” डॉक्टर म्हणाले, पुन्हा सोडवून नीट बसवू. बाबांनी विचारले, किती दिवस लागतील? उत्तर ऐकून त्यांनी मान हलवली. आवणीला उभे राहायला घरात दुसरा पुरुष नव्हता. आम्ही परत आलो. त्या दिवसापासून बाबा लंगडत चालले.

माझ्या डोक्यातून ती फिल्म काही गेली नाही. तीन आठवडे आधी ती कुणी काढली असती तर! सांगायची गोष्ट अशी की, डॉक्टर व्हावे असे मला कधी वाटले नाही. मला तो फोटो काढणारा माणूस व्हायचे होते.

बारावी सायन्सला असताना मी घरी सांगितले. आई म्हणाली, मुलीच्या जातीला हे कशाला? बाबा काही बोलले नाहीत. पण १९८७ च्या पौषात म्हसाच्या जत्रेत त्यांनी आमची खिलारी जोडी विकली. म्हसाला बैल विकणे यात नवल काही नाही, पण आमचा पाय अधू माणूस रिकाम्या दाव्यानिशी घरी आला आणि पैसे आईच्या हातात देऊन म्हणाला, “बायच्या फीचे.” पुढची दोन वर्षे आमची नांगरट शेजाऱ्याच्या बैलांवर झाली, तीही सर्वांची उरकल्यावर.

मुंबईत शिकले, कल्याणला मामाकडे राहिले. पुस्तकात पहिलेच प्रकरण रॉन्टगेन साहेबांचे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबुर्ग गावी त्यांना हे किरण सापडले. काय आहेत ते ठाऊक नाही, म्हणून गणितातल्या अज्ञात अक्षरावरून त्यांनी नाव दिले एक्स, आपण म्हणतो क्ष. डिसेंबरात त्यांनी बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात बोटातली अंगठीही दिसते. १९०१ सालचे भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, पण शोधाचे पेटंट काही त्यांनी घेतले नाही. घेतले असते तर आमच्यासारख्यांपर्यंत हे यंत्र कधी पोचले असते, कोण जाणे.

नोकरी लागली तेव्हाचे काम आजच्या मुलांना सांगून पटत नाही. अंधारखोलीत तांबड्या दिव्याखाली फिल्म चौकटीत अडकवायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, धुवायची, मग हायपोत, पुन्हा पाण्यात आणि शेवटी वाळत घालायची. डेव्हलपर वीस अंशांवर हवा, आणि आपल्याकडच्या वैशाखात नळाचे पाणीच ऊन! मग बर्फ आणायचा. वीज गेली की सारेच थांबले. लुगड्याला हायपोचा आंबूस वास कायमचा. आता बहुतेक ठिकाणी फोटो सरळ संगणकावर उमटतो. अंधारखोल्यांत जुने कागद नाहीतर खराट्या पडलेल्या असतात.

माझ्याकडे माणसे कोणती यायची? झाडावरून पडलेली, बैलाने मारलेली, आणि खोकणारी. भात झोडून झाले की कातकरी मंडळी वीटभट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडाला परतायची, ती कुणी कुणी छातीचा पिंजरा घेऊन. दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका तपासून घ्यावा आणि छातीचा फोटो काढावा. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हे मी हजारदा सांगितले असेल, इथे पुन्हा सांगते.

बायकांची अडचण निराळी. छातीच्या फोटोला गळ्यात धातू चालत नाही, त्याची सावली फुप्फुसावर पडते. मंगळसूत्र काढा म्हटले की म्हातारीसुद्धा रडकुंडीला येई. मग मी खणात हळदीत बुडवलेला दोरा ठेवू लागले. तो मनगटाला बांधायचा, मग मंगळसूत्र पदरात घ्यायचे. सासूही खूश, फोटोही स्वच्छ. हे काही पुस्तकात नव्हते.

आणि एक चूक सांगते. नवीन असताना एका दवाखान्यात नुकतीच लग्न झालेली मुलगी कंबरदुखीसाठी आली. सोबत सासू आणि दीर. पाळी चुकली आहे का, हे विचारायचा नियमच आहे, पण दिरासमोर मला लाज वाटली. मी विचारले नाही. फोटो काढला. पंधरा दिवसांनी कळले की तिला दिवस गेले आहेत. मोठ्या डॉक्टरांनी मला उभे करून झापले, आणि ते योग्यच होते. पुढे त्यांनीच सांगितले की एवढ्या किरणांनी अपाय होण्याचा संभव फार थोडा. पण तिचे बाळ नीट जन्मले असे ऐकेपर्यंत मला धड झोप लागली नाही. त्यानंतर मी आधी पुरुषांना बाहेर काढते, मग विचारते. म्हणून बायांनो, खोलीत शिरताच तुम्हीच सांगत जा. लाजू नका.

किरणांची भीती मला लग्नातही आडवी आली. मुरबाडकडचे एक स्थळ जवळजवळ ठरले होते. त्यांना कुणीतरी सांगितले, “किरणांत काम करणारीला मूल होत नाही.” स्थळ मोडले. आई आठ दिवस जेवली नाही. माझ्या छातीवर लावायचा बिल्ला असतो, टी.एल.डी. त्याचे नाव. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो आणि अंगाला किती किरण लागले ते आकड्यात कळते. आपल्याकडे कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला वीस मिलिसीव्हर्टची मर्यादा घातली आहे. माझे आकडे बहुधा शून्याच्या आसपास, कारण बटण दाबताना मी शिशाच्या आडोशाला असते. हे कागद मी त्या घरी पाठवावे असे मामा म्हणत होता. मी नाही पाठवले. दुसरीकडे लग्न झाले, दोन मुले झाली. दोन्ही वेळा दिवस राहताच वरिष्ठांना कळवले आणि त्यांनी कामाची जागा बदलून दिली.

रोग्यालाही किरणांचा हिशेब असतो. छातीचा साधा फोटो म्हणजे जमिनीतून, आकाशातून आपल्याला एरवी लागणाऱ्या किरणांचे थोड्या दिवसांचे माप. सिटी स्कॅनला त्याच्या कितीतरी पट. सोनोग्राफी आणि एम.आर.आय. यांत क्ष-किरण नसतातच. म्हणून डॉक्टरने सांगितले तरच सिटी करा, शेजाऱ्याने केला म्हणून नको.

तुमच्या मुलाला, मुलीला हे शिकायचे असेल तर बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हवे. तीन वर्षांची पदवी आणि त्यावर हॉस्पिटलातले प्रत्यक्ष काम. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले अभ्यासक्रम आहेत. २०२१ साली या कामांसाठी केंद्राचा कायदाही झाला. प्रवेश घेण्याआधी दोनच गोष्टी विचारा: मान्यता कुणाची, आणि शिकायला हॉस्पिटल कोणते? सहा महिन्यांत सर्टिफिकेट देतो म्हणणाऱ्याच्या दारातून बैल विकलेले पैसे घेऊन परत या.

बाबा म्हातारपणी घसरून पडले तेव्हा त्यांचा फोटो मीच काढला. कंबर शाबूत होती. मग मी त्यांच्या परवानगीने ती जुनी नडगीही काढली. दोन्ही तुकडे एकमेकांवर तसेच, वर हाडाचा जाड गोळा. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “त्या ठाण्याच्या पोरानं काढलेला चांगला होता, की हा?”

मी म्हटले, “हा.”

“मग बैल बरे गेले,” म्हणाले, आणि काठी मागितली.