रोझेट घोड्याच्या नावावर

इंग्लंडमध्ये ज्या घरातलं मूल पोनीवर बसतं, त्या घरात रोझेट साचत जातात. पुठ्ठ्याची गोल चकती, तिच्याभोवती चुण्या घातलेली सॅटिनची फीत, खाली लोंबणाऱ्या दोन शेपट्या, मधोमध शोचं नाव आणि क्रमांक, मागे पिन नाहीतर हूक. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या गावाच्या मैदानावर शो असतोच आणि पहिल्या चौघांना, बऱ्याच ठिकाणी सहाजणांना, ती मिळते. शिवाय ‘क्लिअर राउंड’ नावाची एक सोय असते. एकही दांडी न पाडता अडथळ्यांची फेरी पुरी केली की रोझेट हातात. दांडी पडली तर पुन्हा पैसे भरा आणि पुन्हा जा. पालकांच्या खिशाला एवढ्या सफाईने हात घालणारी दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

आम्ही श्रॉपशरमध्ये राहतो. वेल्सची हद्द जवळ, त्यामुळे वेल्श पोनी भरपूर. लेक लहान असताना आलेला बिस्किट त्यांतलाच, ‘सेक्शन ए’ म्हणजे सगळ्यांत छोट्या जातीचा. या पोनींची उंची खांद्यापाशी बारा हँड, म्हणजे चार फूट, याच्या वर चालत नाही. मूल मात्र वाढतच असतं. म्हणून इथे पोनी एका घरातून दुसऱ्या घरात जातात, कधी विकून, कधी ‘लोन’वर, म्हणजे उसने. बिस्किटनंतर मर्फी आला, मग डॉली आली. रोझेट मात्र सगळ्यांच्या आमच्याकडेच साठत गेल्या.

सुरुवातीला लेकीने त्या खोलीभर टांगल्या. गवताच्या गठ्ठ्यांना बांधतात ती केशरी प्लास्टिकची सुतळी तबेल्यात हवी तेवढी पडलेली असते. ती खिडकीच्या वर एका भिंतीपासून दुसरीपर्यंत ताणायची आणि हूक अडकवत जायचं. दिसायला झकास. पण खिडकी दक्षिणेची. इंग्लंडचं ऊन कितीही मिळमिळीत म्हटलं तरी सॅटिनला ते पुरतं. दोन उन्हाळ्यांत लाल गुलाबी झाला, जांभळा राखी झाला आणि पहिला नंबर कुठला, पाचवा कुठला, ते लांबून कळेनासं झालं.

तसंही रंगावर फार विसंबण्यात अर्थ नाही. इथे पहिला नंबर लाल, दुसरा निळा, तिसरा पिवळा, चौथा हिरवा. अमेरिकेत पहिला निळा आणि दुसरा लाल. न्यू जर्सीतल्या भाच्याच्या मुलीने निळी रोझेट धरून काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी मोठ्या मनाने ‘दुसरी आली तरी छानच’ असं लिहिलं होतं. भाचा दोन दिवस गप्प होता.

आणि रंग खरा असला तरी तो पूर्ण गोष्ट सांगत नाही. पावसाळी सकाळी रिंगणात दोनच पोनी उतरले तर त्यांतल्या एकाला लाल मिळतेच. भर जुलैत तीस-चाळीस मुलांमधून मिळालेली सहावी रोझेट माझ्या लेखी त्याहून कितीतरी मोठी. पण खोक्यात दोघी शेजारी ठेवल्या की लाल तेवढी मिरवते. म्हणून चौकटीत काचेमागे फक्त लाल लावायच्या, या पद्धतीशी माझं कधी जमलं नाही. काही घरांत जिन्याच्या भिंतीवर अशा चौकटींची रांग असते आणि पाहुण्याला वर जाताना प्रत्येक पायरीवर थांबावं लागतं.

मग लावायच्या कशा? वर्षाप्रमाणे की शोप्रमाणे? हा प्रश्न सोडवला सासूबाईंनी. त्या मूळच्या शहाद्याकडच्या. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो, तो त्यांनी लहानपणापासून पाहिलेला. कपाळावर गोंडे, गळ्यात माळा घालून नटवलेले घोडे त्यांना नवे नव्हते. इथे आल्यावर आम्ही त्यांना एका शोला नेलं. मर्फीचा तिसरा नंबर आला. परीक्षक बाई आल्या, लेकीशी हात मिळवला आणि पिवळी रोझेट मर्फीच्या लगामाला, कानाच्या खाली, अडकवून पुढे गेल्या. सासूबाई बघत राहिल्या. संध्याकाळी लेक ती रोझेट आपल्या सुतळीवर लावायला निघाली तर म्हणाल्या, “हाई ते घोडानं शे.” त्यांची अहिराणी फक्त वाद घालताना बाहेर येते.

त्या दिवसापासून आमच्याकडे रोझेट घोड्याच्या नावावर जमा होतात. प्रत्येकाचं एक खोकं, वर नाव. वर्ष, शो, नंबर हे सगळं त्याच्या आत. लेकीने थोडी कुरकुर केली. पण पोनीचं नाव घेतलं की तिला आपोआप साल आठवतं, मैदान आठवतं, कुठल्या कोपऱ्यात चिखल होता तेही आठवतं. साल सांगितलं तर काहीच आठवत नाही.

दुसरा नियम माझा: मागच्या पुठ्ठ्यावर त्याच संध्याकाळी लिहायचं. तारीख, शो, वर्ग, किती पोनी होते आणि एखादी ओळ. लिहायचं पेन्सिलने, कारण शाई दमटपणात पसरते आणि कधीकधी फितीवर उतरते. चकतीवर शोचं नाव छापलेलं असतं खरं, पण वर्ष बहुधा नसतं, कारण उरलेल्या रोझेट पुढच्या वर्षी वापरायच्या असतात. आठवड्याने लिहायला बसलं की वर्ग ‘वर्किंग हंटर’ होता की ‘हँडी पोनी’ यावर घरात दोन मतं होतात.

ठेवण्याचं काम तसं साधं, पण इथल्या दमट घरात त्याला शिस्त लागते. घरी आल्या आल्या रोझेट खोक्यात टाकायची नाही. तिला घोड्याचा घाम असतो, चघळलेल्या गवताची हिरवी लाळ असते, पाऊस तर असतोच. आधी दोन दिवस सावलीत वाळवायची, मग मऊ ब्रशने झाडायची. धुवायची अजिबात नाही. आतला पुठ्ठा फुगतो आणि लाल रंग पांढऱ्या शेपटीवर उतरतो. शेपट्या चुरगळल्या असतील तर इस्त्रीची वाफ लांबून द्यायची, इस्त्री टेकवायची नाही. सेफ्टी पिन काढून टाकायची, कारण ती गंजते आणि फितीवर तपकिरी ठिपका कायमचा बसतो. मग पसरट खोक्यात चेहरा वर करून एकेक थर, मध्ये आम्लविरहित टिश्यू पेपर, शेपट्या घडी न घालता सैल गुंडाळलेल्या. घडीवर सॅटिन आधी विरतं. घट्ट बंद प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. खोकी पलंगाखाली. माळ्यावर नाही, तबेल्यातल्या जीन-लगामाच्या खोलीत तर मुळीच नाही. तिथल्या उंदरांना चुणीदार सॅटिनमध्ये बाळंतपण करायला फार आवडतं.

सगळ्या ठेवल्या असंही नाही. क्लिअर राउंडच्या ढिगातून प्रत्येक पोनीची पहिली ठेवली. बाकीच्या एका छोट्या रायडिंग स्कूलने घेतल्या. मधली चकती बदलून ते त्यांच्या मुलांच्या शोला वापरतात. लेकीला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तिने स्वतःच पिशवी नेऊन दिली.

मागच्या नोंदींचा खरा उपयोग मर्फी गेला तेव्हा झाला. नव्या घरची मुलगी नऊ वर्षांची, आई घोड्यांच्या बाबतीत कोरी, जशी मी होते. तिला मर्फीच्या दोन रोझेट हव्या होत्या, त्या दिल्या. पण त्याहून कामाचं म्हणून मी त्याचं खोकं उघडून मागच्या सगळ्या ओळी एका कागदावर उतरवून दिल्या. ‘ट्रेलरमध्ये चढायला वीस मिनिटं.’ ‘रोझेट लगामाला लावू देत नाही, फडफडली की बिथरतो, हातात मागून घ्या.’ (ही नोंद सासूबाईंच्या त्या शोनंतरच्या पुढच्याच शोची.) ‘पांढऱ्या दांड्या ठीक, फुलांच्या कुंड्या नाहीत.’ मुलीच्या पहिल्या शोच्या आदल्या रात्री त्या आईचा फोन आला. मैदानावर बँड असणार आहे, चालेल का? मी पलंगाखालून खोकं ओढलं, उन्हाळ्यातल्या एका हिरव्या रोझेटच्या मागे सापडलं. वाचून दाखवलं: बँड चालतो, छत्री चालत नाही.